'हरकती घेणाऱ्यांनीच शहराची वाट लावली' म्हणे!

शहराचा विकास आराखडा तज्ज्ञांवर सोडा, राजकारणी आणि हरकती घेणारे रिकामटेकडे यांनीच वाट लावली, तसंही हरकत घेऊन काही होत नाही, सिंगापूर बघा... असा लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो खुद्द सेक्रेटरींनी टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. म्हणून हे उत्तर. विकास आराखडा म्हणजे शहरात कुठे काय होणार याचा नकाशा; त्यात रस्ता, शाळा, मैदान अशा कामांसाठी जागा राखून ठेवणं म्हणजे आरक्षण, आणि मसुद्यावर नागरिकाने घेतलेला लेखी आक्षेप म्हणजे हरकत.

'तज्ज्ञांवर सोडा.' मुंबईने सोडून पाहिलं. २०३४ पर्यंतचा आराखडा सल्लागार कंपनीच्या मदतीने तयार झाला, फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले, वारसा वास्तूंच्या नोंदी गायब, कोळीवाडे नीट दाखवलेले नाहीत, आरेच्या हिरव्या पट्ट्यात बांधकामाला वाट मोकळी. हे लोकांनी दाखवून दिलं. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री फडणवीसांनी आराखडा रद्द केला, सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये. उशीर झालाच. पण मुळात पाहणी चुकली होती. जमिनीचा सध्याचा वापरच चुकीचा नोंदवला, तर त्यावर बेतलेलं आरक्षण बरोबर येणार कुठून?

'हरकत घेऊन काही होत नाही' हे सगळ्यात घातक. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २८ नुसार हरकती नियोजन समितीपुढे जातात: पालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार जाणकार. तिथे टिकते ती नेमकी हरकत. सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, नकाशाच्या शीटचा क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक, जागेवर प्रत्यक्ष काय आहे त्याचे फोटो, आणि बदल काय हवा ते एका वाक्यात. सुनावणी हवी असंही त्यातच लिहा. मुदतीत द्या, पोच घ्या. एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स दिल्या, तर मुद्दा एकच मोजला जातो.

आराखडा मंजूर झाला म्हणून विषय मिटत नाही. याच कायद्याच्या कलम ३७ खाली नंतरही फेरबदल होतात. मैदानाचं आरक्षण इथेच गुपचूप बदलू शकतं. नोटीस येते, हरकतीला एक महिना मिळतो, आणि त्या बारीक अक्षरांतल्या जाहिराती कुणी वाचत नाही.

राजकारण शिरतं, हे मान्य. पालिकेच्या सर्वसाधारण सभेत आरक्षणं सरकतात. पण मंजूर आरक्षणं पैशाअभावीही जातात: दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे 'जागा विकत घ्या' अशी नोटीस, देतो आणि २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण रद्द. त्यात हरकत घेणाऱ्याचा काय दोष? आणि भूसंपादनाला पैसे ठेवायचे की नाहीत, हे बजेटातच ठरतं, म्हणजे राजकारणातच.

राहता राहिलं सिंगापूर. तिथे बहुतांश जमीन सरकारची आहे. तरीही मास्टर प्लॅनचा मसुदा प्रदर्शनात मांडून लोकांच्या सूचना मागवतात.