आंतरराष्ट्रीय संस्थेची शाखा काढताय? नोंदणीची घाई नको

परदेशी संघटनेची शाखा गावात काढायची ठरली की पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, "आधी रजिस्ट्रेशन उरकून टाकू." माझं मत : निदान वर्षभर तरी नको.

संस्था (कायद्याच्या भाषेत 'सोसायटी') नोंदवायला सात जण लागतात, ते मिळतात. उपद्व्याप पुढे आहे. धर्मादाय कार्यालयात दरवर्षीचे हिशेब, ऑडिट, पदाधिकारी बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. दोघे-तिघे नोकरीसाठी गाव सोडतात, अर्ज राहून जातो, कागदोपत्री जुनीच कार्यकारिणी उरते आणि बँकेत नव्यांच्या सह्या चालत नाहीत.

हा खटाटोप बहुतेक वेळा मुख्यालयाच्या पैशांसाठी असतो, आणि ते पैसे काही येत नाहीत. परदेशातून देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची वेगळी नोंदणी लागते; तिच्यासाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. नोंदणी झाली तरी परकीय रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, म्हणजे 'पुण्यातल्या मोठ्या संस्थेमार्फत घेऊ' हीही वाट बंद. न्यू जर्सीतला चुलतभाऊ भारतीय नागरिक असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. तोच ओसीआय कार्डवाला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा, असेल तर ती परकीय देणगी. भाऊ रागावला तरी पासपोर्टची प्रत आधी मागा.

पैशांशिवाय चालतं का? दारू सोडू पाहणाऱ्यांची जगभर पसरलेली संघटना अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस बाहेरची देणगी घेतच नाही. प्रत्येक गट सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीवर चालतो, आपला कारभार आपणच बघतो. महाराष्ट्रात मराठीतून चालणारे गट आहेत ते याच पद्धतीवर. वाचनालयाची खोली, वर्गणी, खर्चाची वही : पहिल्या वर्षाला एवढं पुरतं.

भाषेचं दुखणं जास्त खोल आहे. मुख्यालयाशी बोलणारा इंग्रजीवाला एकटाच ठेवलात की शाखा त्याची होते. दोघे ठेवा, सहा महिन्यांनी एक बदला, पत्रव्यवहार सगळ्यांना दिसेल अशा एकाच ईमेलवर करा. इतिवृत्त मराठीत लिहा, मुख्यालयाला इंग्रजीत चार ओळींचा सारांश पाठवा. दुभाष्या असेल तर बैठकीला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, तेव्हा विषय निम्मेच घ्या.

ऑनलाइन बैठक भारतीय वेळेला बांधा, कारण आपलं घड्याळ हलत नाही. काठमांडू पंधरा मिनिटं पुढे, एवढं लक्षात ठेवलं की झालं. अमेरिकेचं घड्याळ मात्र उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे सरकतं, युरोपचं शेवटच्या. मधल्या आठवड्यांत दर निमंत्रणात प्रत्येक शहराची वेळ वेगळी लिहा.