वीरप्पन गरिबांचा कैवारी? मग श्रीनिवास कोण होते?

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा तीच पोस्ट आली. चंदन आणि हस्तिदंताचा तस्कर वीरप्पन याचा मिशांचा तो फोटो आणि खाली मजकूर: वीरप्पनने फक्त छळणाऱ्या अधिकाऱ्यांना मारलं, गरिबाच्या केसालाही धक्का लावला नाही, तो इतकी वर्षं सापडला नाही, कारण पोलिसांना त्याला पकडायचंच नव्हतं, आणि शेवटी मारला तोही फसवून. त्याखाली अंगठ्यांची रांग. मी वनरक्षक म्हणून निवृत्त झालो, बरीचशी नोकरी इथे सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर गेली. हे वाचून मला गप्प बसवत नाही.

आधी ते 'छळणारे अधिकारी'. पी. श्रीनिवास भारतीय वनसेवेतले, आंध्रातल्या राजमहेंद्रीचे. गोपीनाथम हे वीरप्पनचं स्वतःचं गाव. तिथे त्यांनी दवाखाना सुरू केला, लोकांसाठी मारिअम्मनचं देऊळ बांधलं, चंदनचोरीत अडकलेल्यांना समजावून त्यातून बाहेर काढलं. वीरप्पन शरण येतोय असा निरोप आला. १० नोव्हेंबर १९९१ रोजी ते भेटायला गेले, हातात शस्त्र न घेता. त्यांना गोळी घातली आणि शिर धडावेगळं केलं. सरकारने मरणोत्तर कीर्तिचक्र दिलं. गोपीनाथमच्या लोकांनी त्यांचा फोटो देवाशेजारी ठेवला. ज्या गावासाठी वीरप्पन लढला म्हणतात, त्याच गावाने हे केलं. ११ सप्टेंबरला वनशहीद दिनी आम्ही खाकी कपड्यांत रांगेत उभे राहायचो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हाच माणूस यायचा.

गरिबाला धक्का लावला नाही म्हणे. ९ एप्रिल १९९३ ला पालारजवळ भुसुरुंगाने गाड्या उडवल्या, त्यात २२ माणसं गेली. पोलीस होते, वनखात्याचे लोक होते आणि खबरीही होते. खबरी म्हणजे कोण? त्याच रानाकडेच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं. कुणावर नुसता संशय आला तरी तो जिवानिशी जायचा. हत्तींचंही सांगतो. आपल्याकडे सुळे फक्त नराला येतात. त्यामुळे हस्तिदंतासाठी गोळी नरालाच बसायची आणि कळपात माद्याच माद्या उरायच्या. त्याचे परिणाम रान पुढे कैक वर्षं भोगतं.

'पकडायचंच नव्हतं' हा मुद्दा मात्र जरा थांबून बघायला हवा. नान्नजचा माळ म्हणजे तळहात. गुडघाभर गवत, मधूनच एखादी बाभूळ. मनोऱ्यावरून दुर्बीण लावली की लांबच्या बांधावरचा काळवीटसुद्धा दिसतो. तरीही मीटरभर उंचीचा माळढोक पक्षी गवतात बसला की तास तास सापडत नाही, मी स्वतः शोधलाय. मग सत्यमंगलम आणि मलै महादेश्वर डोंगरांतलं ते रान डोळ्यांपुढे आणा. कर्नाटक, तामिळनाडू आणि केरळ तिथे एकमेकांना लागून आहेत, आणि मोजकी माणसं घेऊन फिरणारा टोळीप्रमुख तिथलाच, पायवाट न् पायवाट ओळखणारा. पोलिसांनी तिथे आपली माणसं गमावली. १९९२ साली म्हैसूरचे पोलीस अधीक्षक हरिकृष्ण आणि फौजदार शकील अहमद सापळ्यात मारले गेले.

पोलिसांचं चुकलंही, आणि फार वाईट चुकलं. वीरप्पनला पकडायला नेमलेल्या विशेष पथकांनी आदिवासींना पकडून छळलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने चौकशी करून पुढे ८९ जणांना भरपाई द्यायला लावली. ज्या वस्तीवर मार पडतो ती वस्ती तोंड उघडत नाही. शोध लांबला त्यात याचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

राजकारणी नमले होते, हेही मान्य. ३० जुलै २००० ला त्याने कन्नड अभिनेते राजकुमार यांना पळवलं, ते १०८ दिवसांनी सुटले. आमच्या शेजारचं कानडी कुटुंब तेव्हा सकाळ-संध्याकाळ रेडिओला कान लावून बसायचं. त्या काळात त्याच्या साथीदारांवरचे टाडाचे, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याखालचे, खटले मागे घ्यायचं कर्नाटक सरकारने ठरवलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते शकील अहमद यांचे वडील, अब्दुल करीम. न्यायालयाने खटले मागे घेऊ दिले नाहीत. पोरगा गमावलेला एक बाप सरकारपुढे उभा राहिला, त्याचा त्या पोस्टमध्ये शब्द नाही.

राहिलं 'फसवून'. १८ ऑक्टोबर २००४ ला डोळ्यांच्या उपचारासाठी तो ज्या रुग्णवाहिकेतून निघाला, ती पोलिसांचीच होती. धर्मपुरी जिल्ह्यात पापरापट्टीजवळ चकमक झाली. त्याला जिवंत धरता आलं असतं का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण विचारणाऱ्याने १० नोव्हेंबर १९९१ चा तो शरण येण्याचा निरोपही आठवावा.

ग्रुपवर त्या फोटोखाली मी श्रीनिवास यांचं नाव आणि ती तारीख लिहिली आहे. पोस्ट पुढे पाठवायचीच असेल, तर तेवढं सोबत पाठवा.