चिकनच्या त्या फॉरवर्डमध्ये खरा धोकाच राहून गेलाय

‘इंजेक्शनं टोचून कोंबडी 40 दिवसांत दोन किलोची करतात. तीच अँटीबायोटिक्स चिकनमधून पोटात जातात, म्हणून आपल्याला औषधं लागू पडत नाहीत. गावरान खा, नाहीतर चिकन खळखळून उकळा.’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर पुन्हा आलाय. काळजी रास्त आहे, पत्ता चुकलाय.

आधी इंजेक्शन. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला धरून सुई टोचायला माणसं आणायची कुठून? पिल्लांना रानीखेत या रोगाची लससुद्धा डोळ्यात थेंब टाकून देतात. अँटीबायोटिक पाण्यातून नाहीतर खाद्यातून जातं. आणि वजन ही मुख्यतः निवडक पैदाशीची करामत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात 1957 आणि 2005 चे वाण एकाच खाद्यावर वाढवले, तर 56 व्या दिवशी जुना वाण जेमतेम 900 ग्रॅम भरला, नवा 4 किलोंच्या वर.

पोटात जाणाऱ्या औषधाचं म्हणणं अर्धं खरं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 2014 मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे 70 नमुने तपासले, त्यांतल्या 40 टक्क्यांत अँटीबायोटिकचे अंश निघाले. पण औषधाला दाद न देणं शिकतात ते जिवाणू, आपलं शरीर नव्हे. आणि त्यांची शाळा भरते शेडमध्ये. थोडं थोडं औषध रोज मिळालं की लेचेपेचे मरतात, चिवट तेवढे वाढतात. अमेरिकी संशोधक स्टुअर्ट लेव्ही यांनी बॉस्टनजवळच्या एका फार्मवर हे पाहिलं, 1976 मध्ये प्रसिद्ध केलं. खाद्यात टेट्रासायक्लिन हे अँटीबायोटिक घातल्यावर आठवडाभरात कोंबड्यांच्या आतड्यातले जवळपास सगळे जिवाणू त्याला पुरून उरले. पाच-सहा महिन्यांत फार्मवरच्या माणसांच्या पोटातही तसे जिवाणू वाढले, शेजाऱ्यांच्यात मात्र तेवढे नाहीत.

उकळा, जरूर उकळा. जिवाणू मरतील, एन्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं मात्र उष्णतेला सहजी बधत नाहीत. शिवाय कढईत पडण्याआधी ते चिकन दुकानातल्या ठोकळ्यावर, तुमच्या सिंकमध्ये, कोथिंबीर चिरायच्या पाटावर फिरून आलेलं असतं. आणि शेडमधलं विष्ठा मिसळलेलं तूस कोंबडी खत म्हणून शेतात पडतं, ते कोण उकळणार?

गावरानचं म्हणाल तर परसात चरणारी कोंबडी वेगळी आणि शेडमध्ये वाढवून ‘गावरान’ म्हणून विकलेला रंगीत पक्षी वेगळा. पिसांवरून औषधाचा हिशेब लागत नाही.

मेसेजमध्ये यायला हवं होतं ते कोलिस्टिन हे अँटीबायोटिक. इतर औषधं हरली की आयसीयूत डॉक्टर जे काढतात, तेच आपल्याकडे पोल्ट्रीच्या खाद्यात चालायचं. 2015 मध्ये चीनमधून त्याला निकामी करणाऱ्या एमसीआर-1 जनुकाची बातमी आली. ते एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जातं. जुलै 2019 मध्ये केंद्राने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली. बाकी औषधं आहेतच. कंपनीची पिल्लं करारावर वाढवणाऱ्या शेतकऱ्याकडे जास्त पक्षी मेले की पैसे त्याचेच कापले जातात. मग निदानाची वाट न बघता मिळेल ते औषध पाण्याच्या टाकीत पडतं. त्याला नुसता दोष देऊन ते थांबणार नाही. कराराच्या अटी कंपन्या ठरवतात, औषधाचा जाब त्यांनाही विचारायला हवा.