ग्रीन टी आणि तोंडाचा कर्करोग: काचेच्या बशीत आणि माणसाच्या तोंडात

"ग्रीन टीने तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात, हे सिद्ध झाले आहे; तंबाखू खाणाऱ्यांनी रोज तीन कप प्यावेत, गोळ्या घेतल्या तर उत्तम," असा संदेश नाशिकमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. पंचवटीतल्या माझ्या मामांनी तो मला दाखवला, तेव्हा त्यांच्या तळहातावर प्लास्टिकच्या कागदात मावा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचे मिश्रण, घोटणे चालूच होते.

पेशी मरतात, हे खोटे नाही. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की ग्रीन टीतील ईजीसीजी हे द्रव्य तोंडाच्या कर्करोगपेशींतील मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाला, इजा करते, निरोगी पेशी मात्र तग धरतात. पण हे घडले काचेच्या बशीत. अशा प्रयोगांत पेशींना सहसा १० ते १०० मायक्रोमोलर (द्रवातील द्रव्याचे प्रमाण मोजण्याचे एकक) ईजीसीजी देतात. एकदोन कप प्यायल्यावर रक्तात ते बहुधा १ मायक्रोमोलरही भरत नाही. शिवाय पेशी वाढवण्याच्या द्रवात ईजीसीजीपासून आपोआप हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि तेही पेशी मारते. चहा तोंडातूनच जातो, मग रक्ताचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल, आणि तो मुद्दा रास्त आहे: लाळेतले प्रमाण खरोखरच पुष्कळ अधिक असते, मात्र ते दर दहावीस मिनिटांना निम्म्याने उतरते.

"सिद्ध" या शब्दाला तर आधारच नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तोंडात कर्करोगपूर्व चट्टे असलेले ४१ रुग्ण होते. १२ आठवडे ग्रीन टीचा अर्क घेतलेल्यांपैकी निम्म्यांचे चट्टे सुधारले, नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे १८ टक्क्यांचे. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोगही असू शकतो, आणि पुढे कर्करोग होण्याच्या प्रमाणातही तफावत आढळली नाही.

गोळ्यांचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी गेल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणे रक्तात दिसू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले आहे.

राहिला मावा. त्यातली सुपारी तंबाखूविनाही कर्करोगकारक आहे. तिने गालाची आतली त्वचा ताठरते आणि तोंड उघडेनासे होते. तोंड पुरेसे उघडते का हे पाहायला मामांना मी तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. उद्या सकाळी दाताच्या डॉक्टरांकडे जायचे ठरले आहे.