पोरं कुणाची, भुर्दंड कुणाला!

वाघोलीकडच्या आमच्या नव्या सोसायटीत निम्मे फ्लॅट अजून रिकामे आहेत, पण बागेतला झोपाळा आत्ताच एका साखळीवर लोंबकळतोय. लहान मुलांचा झोपाळा हो! त्यावर रात्री अकराला मिसरूड फुटलेले घोडे बसतात, मोबाइलवर गाणी लावून.

जॉगिंग ट्रॅकच्या कडेचे दिवे तर मुद्दाम फोडलेत. काच फोडली, बल्ब पळवला, उघड्या वायरी तशाच. पावसात तिथूनच चिल्लीपिल्ली अनवाणी पळतात, पण आहे कुणाला त्याचं काही? गझिबोच्या खांबावर किल्लीनं बदाम कोरलाय, त्यात बाण. (एवढंच प्रेम उतू जात असेल तर स्वतःच्या हॉलच्या भिंतीवर कोरा की.)

ग्रुपवर फोटो टाकला की उत्तर ठरलेलं, "बिल्डरला सांगा." अहो, रेरा म्हणजे घरबांधणी-विक्रीच्या कायद्यानं, फ्लॅटचा ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं बिल्डरनं दुरुस्त करून द्यायचे ते बांधकामातले दोष. तुमच्या चिरंजीवांनी लाथा घालून वाकवलेला बाक त्यात कसा बसेल? तो मेंटेनन्समधून, म्हणजे माझ्याही खिशातून.

सीसीटीव्ही बघावा, तर कॅमेऱ्याचंच तोंड कुणीतरी आभाळाकडे करून ठेवलंय. वॉचमनकाकांनी हटकलं, तर दुसऱ्या दिवशी पप्पा खाली येऊन काकांनाच झापतात. "आमचा तसा नाही." मग कुणाचा तसा आहे? बिबटे येऊन दिवे फोडतात का?

आणि आता येत्या सभेत म्हणे नवा झोपाळा घ्यायचा ठराव येतोय. आणा, आणा!