कुळ पाथरवटांचे, पण दगड कोणता?

कल्पनारम्य कथांतील पाथरवट बुटक्यांच्या कुळावरील हा लेख आवडला. डोंगराच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्या दालने कोरणारे आणि वेशीवरचा पहारा मरेपर्यंत न सोडणारे हे लोक लेखकाने नेमके उभे केले आहेत. मात्र त्यांच्या निष्ठेवर जेवढा भर आहे तेवढा दगडावर नाही, ही उणीव कोकणात राहणाऱ्या मला जाणवली. आमच्याकडचा जांभा खाणीतून निघताना इतका मऊ असतो की त्याचा चिरा टिकावाने तासता येतो, आणि उन्हावाऱ्यात राहिला की तो कठीण होत जातो. असा दगड वाट्याला आलेले कुळ काळ्या कातळावर घण घालणाऱ्यांपेक्षा वेगळ्या सवयींचे, कदाचित थोडे कमी हट्टी, झाले असते. लेखातील कुळप्रमुख आपले नाव सिंहासनावर कोरतो, हेही खटकले (मोठेपणाचा सोस बुटक्यांनाही सुटला नाही म्हणायचा!). रायगडावर, तो गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव ‘सेवेचे ठायी तत्पर’ या शब्दांसह जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर कोरलेले आहे, जिथे दर्शनाला येणाऱ्याचे पाऊल पडते. आमच्याकडच्या जांभ्याच्या चिरेखाणी पावसाळ्यात बंद राहतात; या कुळाच्या खाणीत पाणी शिरते तेव्हा ते काय करतात, हे पुढील भागात वाचायला आवडेल.