स्लॅबपर्यंत सत्तर टक्के देऊन बसू नका

स्वतःच्या प्लॉटवर मटेरियलसह ठेका देऊन घर बांधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. चौरस फुटाच्या भावावर आपण आठवडाभर घासाघीस करतो आणि हप्त्यांचा कागद मात्र न वाचता सही करतो. काम अडकतं ते या कागदामुळेच.

ठेकेदाराच्या कागदात स्लॅबपर्यंत ६५-७० टक्के असतात. प्लास्टर, फरशी, प्लंबिंग, वायरिंग, दारं-खिडक्या, रंग सगळं बाकी, आणि त्याचा खर्च जवळपास निम्मा. उरलेल्या तिसात ते त्याला परवडणार कसं? मग मिस्त्री दुसऱ्या साइटवर जातो आणि तुमचा फोन वाजत राहतो.

तळमजल्याच्या साध्या घराला मी टक्क्यांत असे हप्ते सुचवेन: ॲडव्हान्स ५, जोता १५, स्लॅब २५, वीटकाम १०, आतलं-बाहेरचं प्लास्टर १५, प्लंबिंग-वायरिंग ८, फरशी आणि दारं-खिडक्या १२, रंग ५, अनामत (काम संपल्यावरही राखून ठेवायची रक्कम) ५. काळ्या मातीत पाया खोल जातो. तिथे जोत्याला जास्त मागितले तर ती लबाडी नाही.

स्लॅबचे २५ एकदम देऊ नका. १५ काँक्रीट भरल्यावर, १० सेंट्रिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू) खोलल्यावर. टेकू काढायला आयएस ४५६ (काँक्रीटकामाचं भारतीय मानक) प्रमाणे स्लॅबच्या साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधलं अंतर) किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमलाही १४. फळ्या निघाल्या की बीम-कॉलमच्या जोडाशी खालून बघा. खडी उघडी, सळई दिसतेय, म्हणजे हनीकोंब. इंजिनिअरने पाहण्याआधी त्यावर सिमेंटचा हात फिरू देऊ नका. ते १० टक्के हातात असतील तरच तुमचं ऐकलं जातं.

प्लास्टरचा हप्ता भिंतीतले पाइप प्रेशर लावून तपासल्यावरच. नंतर गळती सापडली तर टाइल्स फोडाव्या लागतात.

भांडणं खरी ‘एक्स्ट्रा’वर होतात: माळा, कंपाउंड, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक. त्यांचे दर करारातच लिहा. जिना, बाल्कनी, पोर्च पूर्ण मोजायचे की अर्धे, हेही लिहा.

आता ठेकेदाराची बाजू. त्याला दर आठवड्याला मजुरांचा पगार द्यावा लागतो, सिमेंटवाला उधारीला थांबत नाही. टप्पा इंजिनिअरने पास केला की सात दिवसांत पैसे द्या. मालकाने महिनाभर लटकवलं आणि काम थांबलं, तर दोष ठेकेदाराचा नाही.

अनामत मात्र एक पूर्ण पावसाळा काढल्यावरच सोडा. गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून बघणं ठीकच, पण जुलैतल्या झडीत येणारी खिडकीच्या छज्ज्याखालची ओल त्यात दिसत नाही.